भोयर मॅडमचा अर्धा नाच

"एक बाई आहे. सकाळपासून उपाशी आहे. रक्त काढायले अजून तासभर आहे. ती म्हणते डोकं दुखून राहिलं, मले चहा पाहिजे, नाहीतर मी घरी चालली. तू तिले कशी थांबवशील?"

संशोधन सहायकाच्या मुलाखतीतला हा शेवटचा प्रश्न. त्याआधी दोन सरांनी मला रक्तातून डीएनए कसा वेगळा करतात, कोणतं मशीन कसं चालतं, असलं सगळं विचारून झालं होतं, आणि कोराडीहून येताना बसमध्ये घोकलेली उत्तरं मी धडाधड दिली होती. टेबलाच्या टोकाशी बसलेल्या बाईंनी मात्र तोवर तोंड उघडलं नव्हतं. त्या एका बारीक चिमट्याने हनुवटीवरचा केस शोधत होत्या. आरशाशिवाय. सापडला की डोळे बारीक करून उपटायचा, उजेडात धरून बघायचा आणि समाधानाने फुंकून टाकायचा. दोन्ही सर छताकडे बघत होते. त्यांना सवय असावी.

मी म्हटलं, "मॅडम, मी तिला तिच्या सासूबद्दल विचारीन."

बाईंचा चिमटा थांबला. आधी नुसते खांदे हलायला लागले, आवाज नाही. मला वाटलं ठसका लागला. मग कुकरची शिटी सुटावी तशा त्या हसल्या, पुढ्यातला पाण्याचा ग्लास कलंडला आणि माझी प्रमाणपत्रं भिजली.

"बस," त्या सरांना म्हणाल्या, "हीच पाहिजे मले. बाकीच्याईले घरी पाठवा."

मी ओली प्रमाणपत्रं झटकत बाहेर आले, तर त्या मागून कॉरिडॉरमध्ये आल्या. "नाव काय म्हणाली वं?"

"सोनल."

"सोनल, तुले पण आहे ना?"

त्या माझ्या मानेकडे बघत होत्या. मानेवर मागून काळपट पट्टा असतो, तो झाकायला मी भर उन्हाळ्यातही ओढणी गुंडाळून फिरायचे. पीसीओएस, संप्रेरकांचा बिघाड. मी कोणाला सांगत नसे. आई म्हणायची, लग्न होईपर्यंत घरातल्या घरात राहू दे. डॉक्टर म्हणायचे, वजन कमी करा. मावशी नुसतं 'अरेरे' म्हणायची. मी हळूच म्हटलं, "हो मॅडम."

"मस्त!" त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मले पण आहे. दोघी तर झालो. आता बाकीच्या शोधू."

माझ्या आजाराला त्याआधी किंवा त्यानंतर कोणीही मस्त म्हटलेलं नाही.

डॉ. कुमुद भोयर. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. अंगाने भरलेल्या, अंबाडा इतका मोठा की त्यावर हेल्मेट बसायचं नाही, म्हणून हेल्मेट स्कूटीच्या हँडलला लटकवून नागपूरभर हिंडायच्या. त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कोणी काहीही ठामपणे बोललं की त्या विचारायच्या, "मोजलं का?" विभागप्रमुख म्हणाले, कॅन्टीनचा चहा हल्ली पातळ झालाय. "मोजलं का गा?" एखादी विद्यार्थिनी म्हणाली, मला रात्रभर झोप लागली नाही. "मोजलं का?" एकदा त्यांच्या यजमानांनी फोनवर, तुझं माझ्याकडे लक्ष नाही, असं म्हटलं असावं. कारण आम्हाला इकडून फक्त "मोजलं का, भोयर?" एवढंच ऐकू आलं.

हे भोयर साहेब बँकेतून निवृत्त झालेले, शांत, सडपातळ गृहस्थ. स्वयंपाक तेच करायचे. मॅडमच्या डब्यात सांबारवडी असायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, तिचं सारण भरून तळलेली गुंडाळी. मॅडम डबा उघडून आधी वास घ्यायच्या, मग सगळ्या प्रयोगशाळेला एकेक वाटायच्या, आणि शेवटी स्वतःला उरली नाही म्हणून भोयरांना फोन करून रागवायच्या.

आमचं काम असं होतं. पीसीओएस असलेल्या बायकांच्या पेशी इतरांपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात का, हे तपासायचं. पाळी चुकणं, केस, मुरुमं, वाढणारं वजन, वाढणारी साखर हे तर वरून दिसतं. पण आत पेशीच्या पातळीवर काय चालतं? त्यासाठी रक्तातल्या पेशींचे टेलोमेअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, मोजायचे. हे मोजणं मशीन करायचं. पण बायकांना समजावून सांगायचं काम मॅडमचं, आणि ते बघण्यासारखं असायचं.

"हे पाह्य," त्या समोरच्या बाईचा पदर हातात घ्यायच्या, "साडीले खालून फॉल लावते ना तू? तसे पेशीत धागे असते, आणि धाग्याच्या टोकाले असाच फॉल असते. एका पेशीच्या दोन झाल्या की तो जरासा झिजते. हे सगळ्याईचंच होते, माझं, तुझं, तुझ्या नवऱ्याचं. फॉल पुरा गेला की साडी फाटाले लागते. आता आपल्याले पाहायचं हे, की आपल्यासारख्या बायांचा फॉल जास्त लवकर झिजते का."

"मंग नवा फॉल लावता येते का मॅडम?" एकीने विचारलं होतं.

"ते जगभराचे लोक शोधून राहिले. तू आधी हात दे इकडे."

काम सुरू झालं त्या दिवसांत मी एका दुपारी परदेशातला एक शोधनिबंध वाचला. त्यात म्हटलं होतं की अशा बायकांचे टेलोमेअर आखूड सापडले. मी सव्वीस वर्षांची होते. त्या क्षणी मला माझ्या आतली प्रत्येक पेशी पांढऱ्या केसांची, काठी टेकत चाललेली दिसायला लागली. मी डीप फ्रीजरच्या मागे जाऊन रडत बसले. फ्रीजरच्या घरघरीत कोणाला ऐकू येणार नाही असं वाटलं होतं.

मॅडम आल्या. शेजारी खाली फरशीवर बसल्या. त्यांना खाली बसायला बराच वेळ लागायचा. निबंध हातात घेतला.

"काहून रडून राहिली?"

मी बोटाने ती ओळ दाखवली.

"किती बाया होत्या यात? कोणत्या वयाच्या? लठ्ठ किती, बारीक किती? वाच." मी नाक पुसत वाचलं. "आता हा दुसरा वाच." दुसऱ्यात काहीच फरक सापडला नव्हता. "आता हा." तिसऱ्यात चक्क उलटं, लांब सापडले होते.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे कोणालाच नक्की माहीत नाही."

"हाव. मंग माहीत झाल्यावर रड. मी पण रडीन तुझ्यासंगं, माझा नंबर तर तुझ्या आधी आहे. आता मले उठव."

त्यांना उठवता उठवता आम्ही दोघी फ्रीजरवर आपटलो, वरचे रिकामे खोके खाली आले, आणि माझं रडणं कुठल्या कुठे गेलं.

अडचण वेगळीच निघाली. पीसीओएसवाल्या बायका ओपीडीतून येत होत्या. पण तुलनेसाठी ज्यांना हा त्रास नाही अशा, त्याच वयाच्या बायकाही हव्या होत्या, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही त्या उपाशीपोटी सुई टोचून घ्यायला कशाला येतील? मॅडमनी तर स्वतःचंही रक्त द्यायला बाही वर केली होती. मी त्यांना आठवण करून दिली की अभ्यासात चाळिशीच्या आतल्याच बायका घ्यायच्या, असा नियम आहे.

"कोणत्या गाढवाने लिहिला?"

"तुम्हीच, मॅडम."

त्यानंतर त्या निरोगी बायकांच्या मागे लागल्या. महाल भागात बांगड्यांच्या दुकानात बसून त्या गिऱ्हाइकांना गाठायच्या. बांगड्या भरायला हात पुढे केलेलाच असतो, त्यामुळे शीर बघायला बरं पडतं, असं त्यांचं म्हणणं. पण कहर झाला तो सिग्नलवर. वाहतूक पोलिसांतल्या एका तरुण बाईने आम्हाला अडवलं. मी मागे बसलेली.

"मॅडम, हेल्मेट हँडलला नाही, डोक्याला लावायचं असतं."

भोयर मॅडमनी तिला खालून वर न्याहाळलं. "वय काय वं तुझं? तिशी? पाळी वेळेवर येते?"

ती बाई इकडेतिकडे बघायला लागली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, त्याला मॅडमनी हातानेच 'थांब' केलं, आणि भर चौकात टेलोमेअर समजावून सांगितले. पोलीसबाईंनी शेवटी दंड केलाच, पण पावती देताना हळूच विचारलं, "कधी यायचं?" आणि आठवड्याभरात ती वर्दीतच आली. तिला बघून कॉरिडॉरमधले तीन विद्यार्थी उगाचच पळाले.

तरीही बायका कमीच पडत होत्या. तो प्रश्न सुटला तो मॅडमच्या मुलीच्या पाहण्याच्या कार्यक्रमात.

मॅडमची एकुलती एक मुलगी ऋचा. इंजिनियर, आईसारखीच ठसठशीत, आणि तिलाही पीसीओएस. लकडगंजचं स्थळ आलं होतं. घाऊक किराण्याचा मोठा व्यापार, मुलगा एकुलता एक. त्या रविवारी मी प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला म्हणून गेले, तर मॅडमनी मला दारातून आत ओढलं. "आली तर थांब. भोयर पाहुण्याईले घाबरून राहिला, त्याले मदत कर."

मी आणि भोयर साहेब स्वयंपाकघरातून सगळं बघत-ऐकत होतो. मुलगा आपल्या नव्या गाडीच्या मायलेजबद्दल बोलत होता. बोलतच होता. ऋचाने दोनदा विषय बदलायचा प्रयत्न केला, गाडी परत तिथेच यायची. मग त्याच्या आईने घसा साफ केला. भारदस्त बाई, गळ्यात सोन्याच्या चपलाहारावर चपलाहार.

"विचारू नये, पण मनात ठेवू पण नये," त्या म्हणाल्या. "आमच्या कानावर आलं की मुलीले ते पीसीओडी का काय आहे. आमच्याकडे एकच पोरगा. आणि तशा बायांना लेकरं होत नाही म्हणते. आणि लवकर म्हाताऱ्या पण होते."

भोयर साहेबांच्या हातातला झारा थांबला. ऋचा नेमकी त्याच वेळी पोह्यांची प्लेट घेऊन उभी होती.

मला वाटलं, आता इथे महाभारत होणार. पण मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, मले पीसीओएस आहे. कॉलेजात होती तेव्हापासून."

"अगंबाई."

"आणि हे जे तुमच्यासमोर पोहे घेऊन उभं आहे, ते मीच काढलेलं आहे. वेळ लागला, औषधं लागली, रडणं पण झालं. पण झाली. लिंबू पिळू का त्यावर?"

मॅडम खुर्ची सरकवून त्या बाईंच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागल्या. मला ती नजर ओळखीची होती. मी भोयर साहेबांना म्हटलं, "सर, आता बघा."

"ताई, हनुवटीले धागा करता ना तुम्ही? दर आठवड्याले?"

बाईंचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"मी चिमटा वापरतो," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "धाग्याने लय आग होते. आणि मान दाखवा... हाव. पाळी पण तेव्हा तशीच होती ना? चार-चार महिने नाही?"

मुलगा घाईघाईने गच्ची बघायला निघून गेला. त्याचे वडील त्याच्या मागे गेले. आणि ती भारदस्त बाई, जिच्या पुढे अख्खं लकडगंज चळाचळा कापत असेल असं मला वाटलं होतं, ती हळूच म्हणाली, "लग्न झालं तेव्हा माझ्या सासूने मले वांझोटी म्हणून दोन वर्षं माहेरी ठेवलं होतं. मले काय झालं होतं, त्याचं तर नावच माहीत नव्हतं. आज तुम्ही सांगितलं."

मॅडमनी त्यांचा हात धरला आणि सरळ स्वयंपाकघरात आणलं. आम्हाला बाहेर काढलं. अर्ध्या तासाने आतून त्यांची ती कुकरची शिटी ऐकू आली, आणि तिच्या जोडीला दुसरी एक, त्याहून मोठी.

लग्न काही जमलं नाही. नकार ऋचाने दिला. "मुलगा मला नाही आवडला," ती आईला म्हणाली, "पण काकू फार आवडल्या." काकूंनाही हे पटलं. "तो असाच आहे," त्या फोनवर म्हणाल्या, "त्याले गाडीच द्या करून." आणि पुढच्याच आठवड्यात काकू आपल्या लकडगंजच्या भिशीतल्या सगळ्या सुना-लेकींना घेऊन आमच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

ती सकाळ मी विसरणार नाही. कॉरिडॉर भरून बायका, सगळ्या उपाशी, सगळ्या बोलत असलेल्या. एकीला सुईची भीती, तिला दुसरी धरून बसलेली, आणि तिसरी दोघींचा फोटो काढत होती. विभागप्रमुख आपल्या खोलीचं दार किलकिलं करून बघायचे आणि परत लावून घ्यायचे. मी रक्त काढत होते आणि सासवांबद्दल विचारत होते. कोणी थांबायला नाही म्हटलं नाही, उलट रक्त काढून झालं तरी गोष्ट अर्धी राहिली म्हणून उठेनात. बाहेर भोयर साहेब झणझणीत रश्शाच्या तर्रीपोह्यांचं पातेलं घेऊन उभे होते. दंडाला कापूस दाबून, नाकाडोळ्यांतून पाणी काढत त्या बायकांनी अशी काही तर्री ओरपली, की दुपारपर्यंत प्रयोगशाळेत स्पिरिटऐवजी तर्रीचाच वास होता.

पुढे कित्येक महिने मोजणं चाललं. नमुन्यांवर नुसते आकडे, कोण कुठल्या गटातली ते आम्हाला माहीत नाही. शेवटी सगळं उघड करून संगणकावर आलेख काढला तेव्हा मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. एका गटाचे ठिपके लाल, दुसऱ्याचे निळे. आणि ते सगळे एकमेकांत असे मिसळलेले, जसे कोणी दोन रंगांचे मुरमुरे एकाच ताटात ओतावेत.

"फरक नाही," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागल्या. वरातीत नाचतात तशा, तोंडाने बँडचा आवाज काढत, सेंट्रिफ्यूजच्या मशीनला प्रदक्षिणा घालत. मला ओढलं. पोलीसबाईंना फोन केला, लकडगंजच्या काकूंना फोन केला. "नाई होऊन राहिलो वं म्हाताऱ्या! आपल्या वेळेवरच होऊ!" अख्ख्या मजल्याला संत्रा बर्फी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर त्या आधीच येऊन बसल्या होत्या, तोंड गंभीर.

"सोनल, काल मी चुकीची नाचली."

"म्हणजे?"

"आपल्याले फरक दिसला नाही, आणि फरक नाही, या दोन गोष्टी एक आहे का? किती बाया आहे आपल्या? थोड्याशा. बारीक फरक असला तर आपल्या चाळणीतून गळून गेला असन. मी ज्याची वाट पाहून राहिली होती तेच दिसलं, म्हणून नाचली. पोरगं असतं माझ्या वर्गात तर मी कान धरला असता त्याचा." मग जरा थांबून म्हणाल्या, "सगळे नमुने परत मोज."

"सगळे?"

"मी पण बसतो ना."

आम्ही सगळे परत मोजले. परत तसंच आलं. मॅडम खुर्चीतून उठल्या, फक्त एक हात वर केला, एकच गिरकी घेतली आणि बसल्या. "हा अर्धा," त्या म्हणाल्या. "उरलेला अर्धा, कोणी आपल्याहून मोठा अभ्यास करन तेव्हा."

हा अर्ध्या नाचाचा हट्ट त्यांना महागात पडला.

शहरात तेव्हा एक चकचकीत क्लिनिक उघडत होतं. पीसीओएसवाल्या बायकांच्या पेशींचं वय कमी करून देतो, अशी त्यांची जाहिरात. त्यांनी मॅडमना उद्घाटनाला बोलावलं. गावात या विषयावर काम केलेल्या त्याच एक. क्लिनिकच्या मालकांची कॉलेजच्या व्यवस्थापनात ऊठबस होती. विभागप्रमुखांनी मॅडमना बजावून सांगितलं, "दोन शब्द चांगले बोला. आपल्या पुढच्या टप्प्याची मंजुरी त्यांच्याच लोकांकडे आहे."

मॅडम करवतकाठी साडी नेसून आल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि माईक त्यांच्या हातात आला. समोर बऱ्याच तरुण मुली, आयांच्या शेजारी, ओढण्या गळ्याभोवती गुंडाळून बसलेल्या. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग बोलल्या.

"पोरींनो, मी हेच मोजतो. आमच्याकडे आम्हाले फरक दिसला नाही. आमचा अभ्यास लहान आहे. बाहेर कोणाले दिसला, कोणाले नाही. म्हणजे आजच्या तारखेले तुमच्या पेशी म्हाताऱ्या आहे का, हे छातीठोक कोणी सांगू शकत नाही. आता मले याईले विचारायचं आहे." त्या मालकांकडे वळल्या. "जे किती आहे तेच पक्कं माहीत नाही, ते तुम्ही कमी कसं करता गा? मोजलं का?"

मागून एका मुलीला हसू फुटलं. मग दुसरीला. मग सगळ्या सभागृहाला. मालकसुद्धा हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"वयाचं सोडा," मॅडम पुढे म्हणाल्या. "साखर तपासा, बीपी तपासा. रोज चाला. पाळी महिनोन् महिने येत नसन तर डॉक्टरकडे जा, लाजू नका. इतकं केलं तरी लय झालं. आणि ओढण्या काढा वं त्या, उकडून नाही राहिलं का?"

खाली उतरून त्यांनी समोसा घेतला, माझ्यासाठीही एक रुमालात गुंडाळला, आणि आम्ही स्कूटीवरून परत आलो. वाटेत त्या अखंड बडबडत होत्या.

पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली नाही. ज्या दुपारी ते कळलं, त्या दुपारी मॅडमनी डबा उघडलाच नाही. खिडकीशी उभ्या होत्या, बराच वेळ. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "वाईट वाटून राहिलं वं. खूपच." एवढंच. मीही शेजारी उभी राहिले. नंतर विभागप्रमुख आले. त्यांनीच तर आधी बजावलं होतं. ते काहीतरी पुटपुटले, मग म्हणाले, "मॅडम, माझी बायकोपण होती हो त्या कार्यक्रमाला. तिने काल पहिल्यांदा मला सांगितलं की तिला हे आहे. वीस वर्षं झाली लग्नाला." आणि चष्मा पुसत निघून गेले.

त्यानंतरच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. गडचिरोलीकडे एका लहान रुग्णालयाला तपासणीची प्रयोगशाळा उभी करून हवी होती, तिकडे जायचं ठरवलं. भोयर साहेबांनी पातेली बांधली. आज त्यांचे फोन येतात, कधी नेटवर्क असलं तर. भेट नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जायच्या आधल्या आठवड्यात.

"उद्या सकाळी पोहायच्या तलावावर ये," फोन आला, "टॉवेल घेऊन."

महापालिकेचा तलाव, बायकांची वेळ. मॅडम बाकावर माझी वाट बघत होत्या. साडीतच. त्यांनी सांगितलं, लहानपणी त्यांचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. सगळ्या मैत्रिणी नदीत डुंबायच्या. चौदाव्या वर्षी एकदा त्यांनी परकर वर खोचला, तर एका मुलीने पायांवरचे केस बघून 'अस्वल आलं, अस्वल आलं' म्हणून ओरडायला सुरुवात केली. बाकीच्या हसल्या. त्या दिवसापासून मॅडम पाण्यात उतरल्या नव्हत्या. नदीत नाही, समुद्राला गेल्या तेव्हा समुद्रातही नाही.

"दोन महिने झाले येऊन राहिली इथे," त्या म्हणाल्या. "भोयरले पण नाही सांगितलं. त्याले वाटते मी फिरायले जातो."

त्या आत गेल्या आणि काळा पोहण्याचा पोशाख आणि अंबाड्यावर कशीबशी ताणलेली टोपी घालून बाहेर आल्या. मी त्यांना साडीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. दंड, पोटऱ्या, सगळं उघड्या उन्हात. पायांवर केस होते, काळे, दाट. त्या माझी नजर बघून म्हणाल्या, "काढणार होती. मंग म्हटलं, पाण्याले काय फरक पडते."

आणि त्या कडेच्या उंच फळीची शिडी चढायला लागल्या. शिकवणारी बाई धावत आली. "मॅडम, तिकडून नको! तुम्ही पायऱ्यांनी उतरा!" मॅडमनी ऐकलं नाही. त्या फळीच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. फळी खाली वाकली. काठावर दोन मुली उभ्या होत्या, चौदा-पंधरा वर्षांच्या, अंगाभोवती टॉवेल घट्ट लपेटून, बहुधा पहिल्याच दिवसाच्या. त्या वर बघून कुजबुजल्या. मॅडमनी त्यांना पाहिलं. मला वाटलं, आता या परत फिरतील.

त्यांनी नाक धरलं, गुडघे पोटाशी घेतले आणि उडी मारली.

पाणी असं उसळलं की काठावरच्या सगळ्याजणी भिजल्या. बाकावरची मीसुद्धा, आणि मांडीवरचा टॉवेलही. मग सगळं शांत. पाण्यावर नुसती त्यांची टोपी तरंगत होती. शिकवणारी बाई वाकून बघत होती, मी उभी राहिले होते. आणि मग टोपीपासून बऱ्याच लांब, भलतीकडेच, मॅडमचं डोकं वर आलं. अंबाडा सुटलेला, केस तोंडावर चिकटलेले. त्यांनी पाण्याची चूळ सोडली, हाताने केस मागे सारले आणि त्या दोन मुलींकडे बघून ओरडल्या, "काय पाहून राहिल्या वं? या ना आत!"

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मग त्यातल्या एकीने अंगावरचा टॉवेल सोडला.